झाकणातले कागद

शिवणपेटीचं झाकण पेटीच्या मापाने कापायचं नसतं. पेटीवर कापड चढतं, झाकणावरही कापड चढतं, दोन्हींची जाडी मिळून ज्वारीच्या दाण्याएवढी तरी होते. तेवढं झाकण मोठं ठेवलं नाही तर ते बसत नाही, आणि जोर लावून बसवलं तर पुन्हा निघत नाही. माझ्या पहिल्या तीन पेट्या अशाच वाया गेल्या. चौथीपासून जमू लागलं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली असतील.

मी औरादला राहते, सीमेपलीकडच्या कानडी मुलखात. पुठ्ठा, जुने कागद आणि चिंचोक्याची खळ, एवढ्यावर पेट्या करते. सुया, दोऱ्याची रिळं, बटणं, टिकल्या, मणी, लेस, कात्री, असं बाईच्या हातकामाचं सगळं सामान एका जागी राहावं म्हणून ही पेटी. आत सहा कप्पे, बाहेरून इरकल लुगड्याचे काठ, झाकणावर चार आरसे. लोक हिला शोभेची पेटी म्हणतात. मला ते आवडत नाही. शोभेला प्लास्टिकची फुलं मिळतात. माझी पेटी रोज उघडली गेली तर माझं काम बरोबर झालं, असं मी समजते.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून एक बाई सांगायला आल्या तेव्हा मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी, तेही मराठी शाळेतलं. त्या म्हणाल्या, पेटीविषयीच लिहा. म्हणून पेटीविषयी लिहिते.

खळ अशी करायची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, रात्रभर भिजवून वाटायचे आणि पाण्यात पिठल्यासारखं शिजवायचं. चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळ आणि कसर लागत नाही. मोरचूद विष आहे, तेव्हा ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. या खळीने पुठ्ठ्यावर कागदाचे सात थर द्यायचे. प्रत्येक थर सावलीत वाळवायचा, कारण उन्हात ठेवला तर पुठ्ठा पापडासारखा वाकतो. हल्ली सगळ्या बाया दुकानातला पांढरा गम वापरतात. तो अर्ध्या तासात वाळतो आणि वासही येत नाही. मी खळच वापरत आले. त्यात काही तत्त्व नव्हतं. गम विकत आणावा लागतो, चिंचोके दारात पडतात.

आणि एक रीत मी पहिल्यापासून ठेवली. ज्या घरची पेटी, त्या घरचे कागद. पेटी सांगायला येणाऱ्या बाईला मी म्हणते, घरातले जुने कागद पिशवीभर आण. लग्नपत्रिका, पोरांच्या वह्या, कॅलेंडरं, काहीही. रुखवतात पेटी मांडली की मुलीची आई सगळ्यांना सांगते, हिच्यात आमच्या घरचे कागद आहेत. बायांना ते आवडतं. मला रद्दी शोधत फिरावं लागत नाही.

या रितीपायी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर ढाबा असलेल्या एका माणसाने बायकोसाठी पेटी सांगितली आणि घरचे कागद म्हणून भजी बांधायचे कागद आणून दिले. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "माझं घर म्हंजी ढाबाच हाय की." केली पेटी. मोरचूद घालूनही तिला महिनाभर मुंग्या येत होत्या. एक निवृत्त शिक्षिका विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या घेऊन आल्या आणि मी चिकटवायच्या आधी प्रत्येक पानावरच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करत बसल्या. मी म्हटलं, "बाई, हे आत जाणार, कोण बघणार हाय?" त्या म्हणाल्या, "मी बघितलंय ना."

अशा गमती पुष्कळ आहेत. पण ज्या पेटीने माझी झोप उडवली ती रेणुकाची.

रेणुकाची आई कमळ, आमच्या गल्लीतली. तिला दोन मुली, मोठी रेणुका आणि धाकटी पूजा. रेणुकाचं लग्न बसवकल्याण तालुक्यात कोहिनूरला ठरलं. कमळ पेटी सांगायला आली आणि म्हणाली, "अक्का, मोटी करा. मांडवात लांबून दिसली पायजे." मी म्हटलं, "एवढ्या पेटीत ती काय बैल ठिवनार हाय?" ऐकेना. मग केली मोठी. कमळने पिशवीभर कागद दिले. त्यात दोन कागद जाड, करकरीत होते. झाकणाला मी सात थर देत नाही, दोनच देते; ते वाकू नये म्हणून जाड कागद लागतोच, तेव्हा मला बरं वाटलं. छापील बाजू खाली आणि कोरी बाजू वर, असे दोन्ही एकावर एक चिकटवले. छापील बाजू वर राहिली तर पातळ कापडातून अक्षरं दिसतात. वर कापड, आरसे. पेटी छान झाली. लग्नात बायांनी हातात घेऊन घेऊन पाहिली.

लग्न वैशाखात झालं. श्रावणात एका गुरुवारी सकाळी कमळ आणि पूजा माझ्या दारात उभ्या. पूजाचे डोळे सुजलेले.

कमळ म्हणाली, "अक्का, पूजाचं दहावीचं मार्क्स कार्ड घावंना झालंय. सगळं घर उलथं केलं."

"मग माझ्याकडं कामून आलीस?"

"तुमाला कागदाची पिशवी दिलती की. त्यात गेलं का म्हनून."

पूजाला कलबुर्गीत नर्सिंगची जागा लागली होती. सोमवारी दहावी-बारावीचे अस्सल कागद दाखवायचे होते. मोबाईलवरचं चालणार नाही, अस्सलच आणा, असं तिला सांगितलं होतं. नवं काढायला पोलिसात तक्रार, प्रतिज्ञापत्र, अर्ज आणि कित्येक आठवडे. तोवर जागा दुसऱ्या कोणाला गेली असती.

मी पूजाला विचारलं, "कसा व्हता गं कागद?"

"जाड. वर गोल शिक्का."

मला तिथल्या तिथे कळलं. क्षणभर मनात आलं, ठाऊक नाही म्हणावं. चिकटवताना कोण होतं बघायला? पण पूजा माझ्या तोंडाकडेच पाहत होती. मी सांगितलं, "माझ्या हातनंच गेलाय. रेणुकाच्या पेटीच्या झाकणात हाय."

कमळने डोक्याला हात लावला. "अक्का, तुमी वाचलं न्हाई व्हय?"

वाचलं नव्हतं. कागद कानडी आणि इंग्रजी. मी जन्मापासून या मुलखात आहे. बाजारात कानडी बोलते, कानडीत भांडते, पण अक्षर येत नाही. मराठी कागद असला तर सवयीने चिकटवायच्या आधी वाचते. कानडी कागद माझ्यासाठी नुसता कागद होता, जाड की पातळ एवढंच बघायचं. दुसऱ्याच्या घरचे कागद मागून घ्यायचे आणि ते न वाचता चिकटवायचे, असं मी इतकी वर्षं करत होते आणि त्याला रीत म्हणत होते.

पूजा म्हणाली, "ताईला फोन करून सांगू का, पान्यात भिजवून काड म्हनून?"

मी ओरडलेच. "हात लावू नको म्हनावं! इरकलीचा लाल रंग उतरंल आन् तुझं कार्ड कुकवात बुडवल्यावानी हुईल. मी येते."

कमळला शेतातल्या मजुरीला जायचं होतं. मी आणि पूजा निघालो. आम्हा बायांना सरकारी बसला तिकीट लागत नाही, आधार दाखवलं की झालं. म्हणून बस गच्च भरलेली. भालकीला बदलली, बसवकल्याणला बदलली. वाटेत पूजाने एकच गोष्ट विचारली. "अक्का, तुमी कागद कापला तर न्हाई?"

हाच प्रश्न मलाही छळत होता. झाकणापेक्षा कागद मोठा असला की मी कडा कात्रीने कापते. या वेळी कापल्या होत्या का, आठवेना. कडेलाच शिक्का असतो, कडेलाच नंबर असतो. तिला म्हटलं, "न्हाई कापला." खोटं बोलले. मला माहीत नव्हतं.

कोहिनूरला पोचलो तेव्हा जेवणवेळ झाली होती. रेणुकाची सासू ओसरीवर शेंगा फोडत होती. आम्ही कशासाठी येतोय ते पूजाने फोनवर रेणुकाला कळवलं होतं आणि रेणुकाने सासूला. तिने आम्हाला पाणी दिलं, शेजारी काढून ठेवलेल्या पेटीवर हात ठेवला आणि लगेच तोंड उघडलं.

"रुखवताची पेटी फाडायला आलाव व्हय? लगनाला चार म्हैने न्हाईत झाले."

मी म्हटलं, "फाडत न्हाई, उकलायलेय."

"फाडनं आन् उकलनं एकच. अपशकुन तो अपशकुन. आन् त्यात सुई पन तुमीच घातलीव न्हवं?"

"व्हय."

"सुई कुनाला देऊ नये, ठाव न्हाई का? म्हनून ही पोरगी मला टोचून बोलायलीय."

"सुईबिगर शिवनपेटी म्हंजी दात न्हाईत आन् भाकर," मी म्हटलं. "आन् टोचून बोलायला सुई लागत असती तर तुमच्या तोंडात किती हायत ते मोजावं लागंल."

पूजा घाबरली. सासू मात्र हसली. पण पेटीवरचा हात तिने काढला नाही. तेव्हा रेणुका आतून आली. लग्नात मान खाली घालून बसलेली पोरगी, तिने सासूच्या हाताखालून पेटी हळूच ओढून घेतली आणि माझ्यापुढे ठेवली. "पेटी माझी हाय न्हवं, आत्या? मग उकला, अक्का."

सासू उठून आत गेली. मला वाटलं, रुसली. थोड्या वेळाने तिची हाक आली, "पानी किती उकळायचंय? ह्ये पातेलं पुरं का?"

झाकणाला मी कापडी पट्टीची बिजागरी लावते. ती ब्लेडने सोडवली, झाकण वेगळं झालं. आधी कापड काढायचं होतं, तेही कोरडं, नाहीतर रंग उतरणार. आतल्या बाजूला दुमडलेल्या कडांखाली ब्लेडची बोथट बाजू सरकवत सरकवत गेले. एक जागा फाटली, इरकलीचा काठ बोटभर उसवला. रेणुका बघत होती. कापड आणि आरसे निघाले. खाली कोरा पांढरा कागद.

मी कडा पाहिल्या. कागद झाकणापेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान होता. कापायची गरजच पडली नव्हती. कमळने मांडवात मिरवायला मोठी पेटी मागितली नसती तर त्या कागदाला माझी कात्री लागली असती. एवढी वर्षं मी मोठी पेटी मागणाऱ्या बायांची चेष्टा करत आले. आता करत नाही.

मग झाकण वाफेवर धरलं. पांढऱ्या गमाचा कागद वाफेने असा सुटत नाही, फाटतो. चिंचोक्याची खळ वाफ लागली की पुन्हा मऊ होते, जशी पातेल्यात होती तशी. एक कोपरा उचलला. नखाने नाही, दोऱ्याने. दोन्ही हातांत दोरा ताणून धरायचा आणि कागदाखालून हळूहळू पुढे न्यायचा, थापलेल्या बेसनाच्या वड्या सोडवायला नेतात तसा. पाऊण तास गेला असेल. माझे हात आता पूर्वीसारखे स्थिर नाहीत. शेवटी कागद सुटला. उलटा केला तर गोल शिक्का, कानडी अक्षरं, आकडे, सगळं जागच्या जागी.

मी तो पूजाच्या हातात दिला. "घे तुझं."

पूजाने वाचलं आणि तिचं तोंड उतरलं. "अक्का, हे माझं न्हाई."

"मग कुनाचं?"

"ताईचं हाय."

रेणुकाने पुढे होऊन कागद घेतला. ओला कागद दोन्ही हातांवर धरून ती वाचू लागली. मग म्हणाली, "माझं कार्ड पेटीत कामून?"

पूजा खाली बघत म्हणाली, "आईनं काडून ठिवलं व्हतं. तुजं लगीन ठरलं, आता तुला लागत न्हाई म्हनली. माझं त्याच पाकिटात हुतं. चुकून तेबी गेलं."

म्हणजे धाकटीचं चुकून गेलं होतं आणि थोरलीचं मुद्दाम. मला कमळचा राग आला, पण राग धरायला मी कोण? चिकटवलं मीच होतं.

दुसरा कागद थेट पुठ्ठ्यावर होता. तिथे मी खळ जाड लावते. पाणी आटलं, सासूने पुन्हा ओतलं. ती आता माझ्याशेजारी येऊन झाकणाची दुसरी बाजू धरून बसली होती. "हळू," ती मलाच सांगू लागली, "हिकडं चिकटलंय अजून." एक कोरा कोपरा पुठ्ठ्यावरच राहिला, बाकी अख्खा कागद निघाला. मुख्याध्यापकांच्या सहीची निळी शाई थोडी पसरली होती. शिक्का शाबूत, नंबर शाबूत. पूजाने नाव वाचलं, मोठ्याने, दोनदा.

दोन्ही कागद धुतलेल्या धोतराच्या घडीत घातले आणि वर पाटा ठेवला. पूजा इस्त्री मागत होती, मी दिली नाही. इस्त्रीने खळ भाजते आणि डाग कायमचा राहतो.

कागद वाळेपर्यंत भाकरी खाल्ल्या. रेणुका अचानक म्हणाली, "गनितात मला पूजापेक्षा जास्ती मार्क हायत."

सासू म्हणाली, "मग जवारीच्या पिठाला पानी मोजताना कामून चुकतीस?" भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं म्हणून त्यांचं रोजचं भांडण असावं. दोघी हसल्या.

निघताना रेणुकाने तिचं कार्ड मला दिलं नाही. म्हणाली, "अक्का, नवं झाकन करा. पन हे त्यात चिकटवू नका."

"मग ठिवनार कुठं?"

"तेच तर. कुटं ठिवू?"

सोमवारी पूजाचं काम झालं. ती सांगत होती, तिथल्या साहेबांनी कागद हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "एनिदु?" हे काय आहे म्हणून. पूजाने खरं ते सगळं सांगितलं. ते हसले, पुढच्याला बोलावलं आणि शेजारच्याला कागद नोंदवायला दिला. आता ती कलबुर्गीला शिकते. जाण्याआधी आठवडाभर रोज माझ्याकडे येऊन वहीत कानडी मुळाक्षरं लिहून देऊन गेली. मी गिरवते. जोडाक्षरं अजून येत नाहीत, नावं वाचता येतात. या वयात लाज कसली. लाज त्या चाळीस वर्षांची वाटते, ज्यांत मी कुणाकुणाचं काय काय चिकटवून टाकलं असेल ते मला कधीच कळणार नाही. काही पेट्या अजून लोकांच्या घरी आहेत. दोघी-तिघींना विचारलंसुद्धा, झाकण उकलून बघू का. त्या नको म्हणाल्या.

रेणुकाचं नवं झाकण मी कोऱ्या पुठ्ठ्याचं केलं. वर जुनाच इरकलीचा काठ लावला आणि फाटलेल्या जागी एक जादा आरसा. तिच्या प्रश्नाचा विचार बरेच दिवस करत होते. शेवटी झाकणाच्या आत कापडाचा एक चपटा खिसा शिवला, कार्ड न दुमडता मावेल असा, तोंडाला बटण आणि फास. आता प्रत्येक पेटीला असा खिसा करते. बाया विचारतात, ह्यात काय ठिवायचं? मी सांगते, जे चिकटवायचं न्हाई ते. आणि कागदाची पिशवी आली की बाईला समोर बसवून एकेक कागद तिच्या हातून घेते. कानडी असला तर आधी मी नाव वाचते, मग ती सांगते. काम दुप्पट वेळाचं झालंय.

यंदा पंचमीला रेणुका माहेरी आली आणि पेटी घेऊन माझ्याकडे आली. खिशाचा फास तुटला होता. म्हटलं, वर्षाच्या आत तुटला, तू करतीस तरी काय त्याचं? तिने पेटी माझ्यापुढे सरकवली. मी शिवायला घेण्याआधी खिसा रिकामा केला. आत तिचं कार्ड होतं आणि दुसरा एक घडीचा कागद. सवयीने उलगडला. कानडी. चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागले. रे. णु. का. पुढचं येईना.

"काय हाय हे?"

"बाहेरनं पीयूसीच्या, म्हंजी बारावीच्या परीक्षेला बसायचं. त्याचा अर्ज हाय."

"सासू काय म्हनती?"

"आधी न्हाईच म्हनली. मग म्हनली, बस, पन जवारीला पानी मोजून घालायचं."

"भरला न्हाईस अजून?"

"भरायलेय. रोज काडते, थोडं लिहिते, परत ठिवते. म्हनून तर फास तुटला."

मी फास दुहेरी दोऱ्याने शिवला, पीळ देऊन. बटण दोनदा घालून-काढून पाहिलं. परीक्षेपर्यंत तुटणार नाही.